पिंगला उत्तर येतंय

४ सप्टेंबर २००६, सोमवार

गौरी-गणपती आटोपून बार्शीहून परत. कामावर हजर झालो तर टेबलाशेजारी नवा सर्व्हर. काळा, उंच, पुढे निळा दिवा. मी या खोक्यांच्या कारखान्याचा सिस्टिम इनचार्ज, आणि माझ्या माघारी सर्व्हर बदलतात! पुण्याच्या एजन्सीने कुणी जुईली नावाची मुलगी पाठवली, तिने बसवला म्हणे. मदतीला सगळा वेळ डिस्पॅचचा मतीन. अनिमेष साहेबांना विचारलं तर म्हणाले, दयानंदराव, देवाधर्माची रजा कशाला मोडायची तुमची. किती गोड बोलतात मालक लोक.

असो. मी मनात ठेवणारा माणूस नाही. इथे लिहून ठेवतो, झालं.

उद्यापासून नवा नेम. सकाळी आधी माझं मशीन सुरू, मग उदबत्ती, मग सर्व्हर. संध्याकाळी सर्व्हर बंद करूनच निघायचं. यंत्र झालं म्हणून काय, विश्रांती नको? जुन्याला ती मिळाली नाही, म्हणून तो गेला.

दुपारी त्या जुईलीचा फोन. सेटिंग्ज समजावून सांगते म्हणाली. म्हटलं, बाळ, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी या लायनीत आहे. ठेवला फोन.

५ सप्टेंबर, मंगळवार

नव्याची नवलाई संपली. डिस्पॅचला चलन उघडेना. मिठाईच्या खोक्यांचा टेम्पो गेटवर उभा. चलन, म्हणजे माल बाहेर सोडायचा कागद, सर्व्हरवरून निघतं, आणि चलनाशिवाय कुशाबा गाडी सोडत नाही. वॉचमन आहे, पण रुबाब कलेक्टरचा. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून भुकूम गाव डोक्यावर घेतलं. मी शांत. कोथरूडच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, घाबरायचं नाही, पिंग करायचं. पिंग म्हणजे दाराशी जाऊन हाक मारणं. आतला जागेवर असेल तर ओ देतो.

माझ्या मशीनवरून सर्व्हरला पिंग केलं. उत्तर तत्काळ! हाक पुरी व्हायच्या आत ओ. आणि उत्तराच्या प्रत्येक ओळीत माझाच १०८ नंबर. अंगावर काटा आला. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर मी माझ्या मशीनला १०८ नंबर दिला, तो सिद्ध झाला म्हणायचा.

१०८ हा माझा अंक. मोबाइलच्या शेवटी तोच, मुद्दाम मागून घेतलेला. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मशीनला दिलाय हे कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोला, सुनीतीलासुद्धा नाही. रविवारच्या पुरवणीतले अंकशास्त्रवाले लिहितात की गुप्त ठेवला तरच फळतो.

निष्कर्ष: सर्व्हर ठणठणीत. दोष डिस्पॅचमध्ये.

६ सप्टेंबर, बुधवार

सकाळी येताना पिरंगुटच्या घाटात मतीनला नेटवर्क समजावलं. तो पौडहून स्कूटरवर येतो, मला पिरंगुटच्या नाक्यावर उचलतो, दोघं भुकूमला येतो. एकाच आठवड्यात कामाला लागलो आम्ही, तेव्हापासून हाच क्रम. मी मागे बसून बोलतो, तो पुढे बसून ऐकतो. चांगला श्रोता आहे.

सांगितलं, नेटवर्कवर प्रत्येक मशीनला नंबर असतो, घराला असतो तसा. समज, दोन घरांना एकच नंबर दिला, तर पोस्टमनने टपाल टाकायचं कुणाच्या दारात? मतीन म्हणाला, पण भाऊ, असलं येड्यावानी काम करंल कोन? मी म्हटलं, तेच तर. कुणी करणार नाही. म्हणजे ते कारण बाद.

यावरून आठवलं. उन्हाळ्यात मी मतीनच्या मशीनला ७८६ नंबर द्यायला गेलो होतो. दुपारभर खटपट केली. मशीन २५५ च्या वर घेतच नाही. त्याला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, यंत्राची पोच तेवढी नाही. तो म्हणाला, म्या मागितला कुटं हुता भाऊ? पण डोळे पुसत होता. हसून हसून पाणी आलं म्हणाला. मला तसं वाटलं नाही.

९ सप्टेंबर, शनिवार

महत्त्वाचा शोध!

रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर एक इंग्रजी पाटी येते. रोज ओके दाबतो. आज पहिल्यांदा वाचली. आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट विथ अनदर सिस्टिम ऑन द नेटवर्क. डिक्शनरी काढली. कॉन्फ्लिक्ट म्हणजे संघर्ष, वितुष्ट, वैर.

म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या कुणाचं तरी माझ्याशी वैर आहे. ऑफिसातलं राजकारण मशीनला कळलं, आणि मी भोळा सांब ओके ओके करत बसलोय! आयपी अ‍ॅड्रेस हा तांत्रिक भाग झाला, तो सोडून दिला. मुद्दा वैराचा आहे.

कोण असेल?

१२ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या केबल बदलल्या. भोकात बोळे कोंबले, उंदरांचा बंदोबस्त. सर्व्हरचं तोंड पूर्वेला केलं. माझ्या मशीनवरून पिंग उत्तम. डिस्पॅचवरूनही पिंग उत्तम. पण चलन काही उघडत नाही. म्हणजे हाक मारली की ओ देतो, आणि काम सांगितलं की गप्प. अगदी आपल्या माणसांसारखा.

साहेब म्हणाले, दयानंदराव, दिवाळीची खोकी वेळेवर गेली नाहीत तर गिऱ्हाईक हातचं जाईल, मग मला कुणाला तरी घरी पाठवावं लागेल. मी म्हटलं, काळजी सोडा, आठवडाभरात छडा लावतो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

काल दाढ ठणकत होती, रजा घेतली. आज आलो तर गेटवरच कुशाबाने दात काढले. म्हणाला, सायेब, काल लई झ्याक चाललं हुतं, धडाधडा गाड्या सुटल्या, एक बी थांबली न्हाई. आज मी बसलो, मशीन लावलं, उदबत्ती लावली, सर्व्हर लावला. बंद.

घरी सुनीतीला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, अहो, मग घरीच बसा ना तुम्ही. बाहेरचे टोमणे काय कमी होते!

पण विचार केला. मी नसतो तेव्हा चालतं, मी असतो तेव्हा बंद पडतं. याचा अर्थ एकच निघतो. कुणीतरी मी असतानाच ते बंद पाडतं, मला खाली खेचायला. काल सर्व्हर सुरू कुणी केला, याची चौकशी केली.

मतीनने.

 सुनीतीच्या अपेंडिक्सच्या वेळी दवाखान्यात माझ्याबरोबर हाच बसला होता. घरून चहाचा थर्मास आणला होता याने. नाही, नाही. पुरावा हवा. मी उगाच कुणावर आळ घेणारा माणूस नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

पुरावा मिळाला.

दुपारी डिस्पॅचच्या दारापाशी पोचलो तर मतीन फोनवर. पलीकडे ती जुईली असणार, कारण ताई ताई करत होता. आधी म्हणाला, सर्व्हर दमवतोय ताई, भाऊ तुमचा फोन घेत न्हाईत तर मी काय करू. मग आवाज उतरवला, आणि स्पष्ट ऐकलं मी, आपण जी गंमत केलीया न्हवं, ती मातर भाऊंना सांगू नका, दसऱ्याला बघू त्यांचं तोंड कसं हुतंय ते. आणि हसला.

गंमत!

गिऱ्हाईक चाललंय, टेम्पो अडकलेत, माझी अब्रू वेशीला टांगली, आणि याची गंमत चालली आहे. केसाने गळा कापला माझा. मी तसाच परत आलो. टेबलावर बसून पिंग केलं. उत्तर आलं, १०८. या जगात एवढा एकच ओ देणारा उरला आहे.

संध्याकाळी स्कूटरवर गप्प बसून आलो. घाटात त्याने विचारलं, भाऊ, दाढ दुखती का अजून? हो म्हटलं. दाढच म्हणायची.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज पाठीमागून वार नव्हे, समोरून वार.

सकाळी लोडशेडिंग. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. मी टपरीवर चहाला गेलो. दिवे आल्यावर परत येतो तर काय, चलनांचा पाऊस! प्रिंटर थांबायला तयार नाही. सर्व्हर आपोआप सुरू झालेला. माझं मशीन लावलं, तर तीच कॉन्फ्लिक्टची पाटी, आणि नेटवर्क गायब. पिंग केलं, उत्तर नाही. असं पहिल्यांदाच झालं. साऱ्या कारखान्याचं चालू आणि एकट्या माझं बंद!

आता यापेक्षा उघड काय असायला हवं?

मी तडक सर्व्हर बंद केला. एकट्यावर अन्याय होऊ देणार नाही. माझं मशीन बंद करून पुन्हा लावलं, उदबत्ती लावली, मग सर्व्हर. सगळं पूर्ववत. माझं पिंग चालू, बाकीच्यांची चलनं बंद. मतीन धावत आला, म्हणाला, भाऊ, आत्ता तर चालू हुतं की! मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, ते तूच मला सांग. तो बघतच राहिला. अभिनय चांगला करतो.

२५ सप्टेंबर, सोमवार

मतीनचे रोजे सुरू. तरी नाक्यावर वेळेवर हजर. माझा डबा नेहमीसारखा डिकीत ठेवला. पाणी न पिता घाट चढवतो आणि मला हळूच विचारतो, भाऊ, काय बिघडलंय का आपलं? मी म्हटलं, बिघडलंय ते नेटवर्क.

चांगलं उत्तर सुचलं. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

संकल्प: उद्यापासून सिक्स सीटर रिक्षाने जायचं. विश्वासघातक्याच्या मागच्या सीटवर बसायचं नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

सिक्स सीटरमध्ये जागा नव्हती. मतीनबरोबर गेलो. पण बोललो नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

सगळ्या मशिनरीची पूजा. दरवर्षी झेंडू पौडच्या बाजारातून मतीनच आणतो. यंदाही आणले, उपास असून ओझं घेऊन आला. सर्व्हरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. माझ्या मशीनलाही बोट लावलं, गुपचूप.

मग सोनं वाटलं. आपट्याची पानं माझ्या खिशात होती. साहेबांना दिली, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मशीनवाल्यांना दिली. कुशाबाला दिली, तो पाया पडायला वाकला. मतीन रांगेत शेवटी उभा होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, भाऊ, आज तुमाला एक गंमत सांगायची हाय.

गंमत हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझी गंमत मला आधीच कळली आहे. आणि पुढे निघालो. त्याचा हात तसाच राहिला. एक पान माझ्या खिशात उरलं.

बरोबरच केलं मी. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? कुशाबा मागून कुणाला तरी म्हणत होता, आसं सणाच्या दिशी करू न्हाई. त्याला काय कळतंय कॉन्फ्लिक्ट.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

खोक्यांचे दोन टेम्पो काल दिवसभर गेटवर. गिऱ्हाइकाचा माणूस स्वतः आला, साहेबांशी भांडला. साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. म्हणाले, दयानंदराव, तुम्ही महिनाभर सांगताय कुणीतरी मुद्दाम करतंय. नाव सांगा, नाहीतर मी तुमचंच समजतो.

मी नाव सांगितलं.

 साहेब म्हणाले, खात्री आहे? तो आणि तुम्ही तर एका गाडीवर येता. मी म्हटलं, साहेब, कंपनीपुढे मैत्री नाही बघत मी. स्वतः ऐकलंय या कानांनी. साहेबांनी मतीनला सूसच्या गोडाऊनवर टाकलं, जुनी खोकी मोजायला. दिवाळी झाली की त्याचा हिशेब करू म्हणाले. म्हणजे काढणार.

मतीनला बोलावून सांगितलं तेव्हा मी खोलीतच होतो. वाटलं भांडेल, ओरडेल. त्याने साहेबांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, भाऊ, तुमी सांगितलं व्हय? मी म्हटलं, पुरावे बोलतात. तो बरं म्हणाला आणि गेला. जाताना डिकीतला माझा डबा आणून टेबलावर ठेवला.

घरी सुनीतीला सांगितलं. तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. तिला ऑफिसचं काही कळत नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

नाक्यावर सवयीने उभा राहिलो. मग आठवलं. तो आता पौडहून नांदे, लवळ्यावरून परस्पर सूसला जातो. सिक्स सीटरमध्ये कोंबड्यांची खुराडी. उशीर झाला.

तरी मन हलकं होतं. आज सर्व्हर धावणार. गद्दार गेला, आता अडवणार कोण? मशीन लावलं, दुप्पट उदबत्त्या लावल्या, सर्व्हर लावला.

बंद.

म्हणजे हा सूसमध्ये बसून करतोय! केवढा पोचलेला माणूस. आणि मी याला ७८६ द्यायला निघालो होतो.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी मला न विचारता जुईलीला बोलावलं. केसांचा पोनी, पाठीला बॅग, लॅपटॉप. आमच्या भाचीएवढी. नमस्कार सर म्हणाली. मी तिला सगळी पार्श्वभूमी दिली. वैर, गंमत, सूस. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, वाकून केबल बघत होती.

तिने लॅपटॉप जोडून सर्व्हरला पिंग केलं. उत्तर आलं. मी म्हटलं, बघ, सर्व्हर ठणठणीत. पिंगला उत्तर येतंय. मग तिने एकेका मशीनची केबल काढायला सुरुवात केली. अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच. उत्तर येतंय. माझ्या मशीनकडे वळली तर मी आडवा आलो. म्हटलं, याला हात लावायचा नाही, हेच एक धड चाललंय.

तिने माझ्याकडे बघितलं. मग सर्व्हरच्या मागे गेली, सर्व्हरचीच केबल उपटली आणि हातात धरून उभी राहिली.

पिंगला उत्तर येतंय.

सर्व्हरची केबल तिच्या हातात लोंबतेय, आणि लॅपटॉपवर सर्व्हर ओ देतोय. साहेब आले, अकाउंट्सच्या बाई आल्या, कुशाबा गेट सोडून आला. जुईली म्हणाली, सर, सर्व्हर तर मी काढलाय. मग हे उत्तर कोण देतंय?

मी म्हटलं, काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडे असतात.

साहेब म्हणाले, दयानंदराव, बाजूला व्हा. तिने माझ्या मशीनची केबल काढली. उत्तर थांबलं. सर्व्हरची लावली, तो उठवला. डिस्पॅचचा प्रिंटर खडाखडा चालू.

मग तिने विचारलं, सर, तुमच्या मशीनला नंबर काय दिलाय? मी म्हटलं, ते गुप्त आहे. तिने बटणं दाबली आणि सगळ्यांदेखत वाचलं. १०८. सर्व्हरलापण १०८. आधी लागेल त्याचा नंबर, मागाहून लागणारा बाद, म्हणाली. अकाउंट्सच्या बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

मी विचारलं, माझा नंबर सर्व्हरला दिलाच कुणी? आवाज चढवूनच विचारलं, कारण प्रश्न रास्त होता. ती म्हणाली, मतीनभाईंनी सांगितलं होतं. म्हणाले, भाऊ गावाला गेलेत, त्यांच्या माघारी सर्व्हर बसवला तर त्यांच्या मनाला लागेल, त्यांचा आवडता नंबर द्या. ते माझ्यासाठी ७८६ घेऊन दुपारभर मशीनशी झगडले होते, मशीनने घेतला नाही. त्यांचा तरी घेतो का बघा. दसऱ्याच्या पूजेला आपण त्यांना गंमत म्हणून सांगू. फोन करून विचारते म्हटलं तर म्हणाले, नको, मग गंमत राहणार नाही.

 कुशाबा टोपी काढून डोकं खाजवत होता, आणि मग गेटकडे गेला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

शांतपणे विचार केला. सर्व्हरला चुकीचा नंबर कुणी दिला? मतीनने. मी महिनाभर काय सांगत होतो? मतीनने केलं. म्हणजे माझं निदान अचूक होतं. फक्त हेतूच्या बाबतीत थोडी गल्लत.

आणि मला आधी सांगायला काय झालं होतं त्याला? फोन करायचा बार्शीला. एक शब्द. मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. नसतं सांगितलं, गुप्त होतं. पण काही तरी सुचलं असतं.

साहेबांनी मतीनला फोन केला, परत ये म्हणाले. तो म्हणाला, सायेब, हितं बरं हाय. खोकी बोलत न्हाईत. साहेबांनी मला हे शब्दशः सांगितलं आणि पुढची फाईल उघडली. नोकरी राहिली त्याची, हे महत्त्वाचं. मी साहेबांना म्हटलं, झालं ना सगळं चांगलं. त्यांनी मान वर केली नाही.

माझ्या मशीनला आता १०९. हा अंक कशाचाच नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

खोकी सगळी वेळेत गेली. नेटवर्क उत्तम. कुणी माझ्याकडे येत नाही, कारण काही बंदच पडत नाही. सर्व्हर आता रात्रंदिवस चालू असतो, जुईलीने तशी पाटी लावली आहे. उदबत्तीला मनाई.

सवयीने एकदा पिंग केलं. उत्तर आलं, पण क्षणभर थांबून. दुसऱ्या कुणाचं तरी.

सुनीतीने विचारलं, मतीनभावजींकडे फराळाचं पाठवायचं ना? म्हटलं, आधी त्याच्याकडून ईदचा डबा येऊ दे, मग त्याच डब्यात भरून देऊ. डबा रिकामा परत करायचा नाही, अशी आपली पद्धतच आहे. शाइस्तावहिनींचा शिरखुर्मा दर ईदला सकाळीच येतो, नाक्यावर, गरम. तो आला की मी सगळं विसरणार आहे. ठरवलंय. मोठेपणा कुणी तरी घ्यावाच लागतो.

२५ ऑक्टोबर, बुधवार. ईद

सुट्टी. तरी सकाळी नाक्यावर गेलो. सहज. दसऱ्याचा शर्ट मुद्दाम घातला होता, खिशात ते उरलेलं आपट्याचं पान. म्हटलं, त्याच्या हातावर ठेवायचं आणि एवढंच म्हणायचं, घे रे, उशीर झाला. बाकी तो समजून घेईल. सात वर्षं माझं सगळं ऐकून घेतलंय त्याने.

बराच वेळ उभा होतो. मग पौडकडून स्कूटर आली. नवा पांढरा कुर्ता, मागे शाइस्तावहिनी, हातात पिशवी. मला बघून त्याने वेग कमी केला. थांबला. म्हणाला, सुट्टी हाय न्हवं आज भाऊ? म्हटलं, हो, सहज आलो होतो. ईद मुबारक म्हटलं. त्यानेही म्हटलं. वहिनींनी सुनीतीची तब्येत विचारली.

मी खिशात हात घातला. शर्ट मधे धुवायला पडला होता, सुनीतीने खिसा बघितलाच नाही. बोटांना नुसता चुरा लागला. तोच चिमटीत धरून उभा राहिलो.

मतीनने हात पुढे केला नाही. दोन्ही हात हँडलवर होते. गाडी चालू होती आणि क्लच दाबून धरावा लागतो, दुसरं काही नाही. मग म्हणाला, चलतो भाऊ, भूगावला पावने वाट बगत्यात. घाटाच्या वळणापर्यंत दिसत होता.

घरी आलो. सुनीतीने चकल्या, लाडू काढून ठेवले होते. डबा कुठाय, विचारलं. म्हटलं, यंदा उशिरा येईल.